गॅरेजचा उतार

"पाय काढा तिकडं, माह्यी चप्पल अजून ओलीच आहे!"

सौंसरहून पांढुर्ण्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बाई नवऱ्यावर तडकली. खिडकीशी तिची सासू पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"गॅरेजमंधी पानी भरते त मी का करू, नलू?"

"मिस्त्री म्हणे, फरशीचा उतार गेटाकडं द्या. तुम्ही म्हटलं, ईशान्येकडंच पायजे."

"वास्तूवाल्यानं सांगतलं होतं."

"ईशान्येले भिंत आहे न! पानी का भिंत फोडून जाईन?"

"भिंतीले भोक पाडतो म्हटलं, त तूच आडवी आली."

"भिंतीपल्याड देवघर आहे! गॅरेजचा चिखल देवावर सोडता?"

"मंग फरशी उखडू का? नवीकोरी आहे."

"मी रोज सकाळी वायपर मारून राहिली. कंबर गेली माह्यी."

"अन् मी काही केलंच नाही? गाडीले जंग लागन म्हणून त्याच दिवशी बाहेर काढली. वरून ताडपत्री टाकली. पलंगाखाली विटा लावल्या."

"विटा बुडाल्या काल."

"आनखी एक थर लावतो! आता बसमंधी तमाशा नको करू. आई, तू तरी सांग इले."

म्हातारीने खिडकीवरची नजर काढली.

"जिना चढवत नाही म्हणून मले खाली ठेवलं, वसंता, मी काही म्हटलं नाही. पन पानी आलं त तू गाडी बाहेर काढली. मी अजून तिथंच झोपून राहिली."