उघाडीच्या दारावरची शिंपली

धरमतरच्या खाडीकाठी माजा जन्म, आनी लगीन पन खाडीकाठीच, म्हंजे एका चिखलातून दुसऱ्या चिखलात. आमी कोळी. नवरा होडीवर, मी चिंबोऱ्या, म्हंजे खेकडे, धरायची, खडकावरची कालवं फोडायची नी पेनच्या बाजारात बसायची. चिंबोरी धरायला आयनं शिकवलं. म्हनायची, गो हौसा, कात टाकून मऊ पडलेली असली तर तिला हात लावायचा नाय, ती बाळंतिनीसारखी असते. आनी बांधातल्या भोकात आकडी घालायची नाय, बांध शेतकऱ्याचा. हे मी जन्मभर पाळलं. म्हनून तर राग येतो, काय सांगू तुमाला.

तर ती शिंपली. आमच्या खाडीत नव्हतीच ती. काळपट, नखाएवढी, एकीवर एक बसनारी. धक्क्यावर मालाची मोठाली बार्ज येतात, पयली तिकडं खांबांवर दिसली, मंग होडीच्या बुडाला, मंग आमच्या कालवांच्या खडकावर. कालवं खाली गुदमरून मेली. कोयत्यानं खरवडली तरी महिना नाय जात का परत तितकीच, आनी हात कापते ते येगळंच. लोकं म्हनतात, परमुलखातून जहाजाच्या बुडाला चिकटून आली. धक्क्यावरच्या कंपनीवाल्याला विचारलं तर म्हनला, मावशी, शिंपल्या पान्यातच असनार ना. आनी हसला वर.

पन खरं घडलं ते उघाडीचं. उघाडी म्हंजे खारबंदीतलं, खाडीचं पानी अडवनाऱ्या बांधातलं, दार. भरतीच्या जोरानं आपसूक लागतं, ओहोटीला उघडतं, शेतातलं पानी भायेर जातं. त्या साली भात लोंबीवर आलेला नी उधानाला खारं पानी शेतात शिरलं. पीक करपलं. शेतकरी बांधावर जमले नी कोनीतरी बोललं, कोळनींनी चिंबोऱ्यांसाठी बांध पोखरला. झालं, माजी टोपली पालथी केली, चिंबोऱ्या चिखलात. त्यात सुमन होती. सुमन शेतकऱ्याची सून, पन माज्या लेकीच्या बाळंतपनात उशाशी बसलेली. मी तिला चिखलातले निवटे मासे द्यायची, ती मला वाल द्यायची, असं आमचं. ती माज्याकडं न बघता म्हनली, हौसे, तू रोज बांधावरून जातेस ना गो. टोपलीचं मला काय नाय वाटलं, हे लागलं.

मी म्हनलं, बांध कुठं फुटलाय तो दाखव. कोन दाखवनार, फुटलाच नव्हता. ओहोटी लागल्यावर मी तिला हाताला धरून उघाडीखाली उतरवलं, दोघी कमरेपातूर चिखलात. बघतो तर दाराच्या चौकटीत, बिजागरीत तीच काळी शिंपली गच्च बसलेली. दार हातभर उघडं, लागतच नव्हतं. आनी तिथं एक चिंबोरी पाय रोवून बसलेली, नांगीनं एकेक शिंपली फोडून खात होती. मी म्हनलं, बघ गो, जिला तुमी चोर म्हनता ती एकटी तुमचं दार साफ करतेय. पन एकटी किती खानार ती.

सुमननं माज्या हातातला कोयता घेतला नी खरवडायला लागली, पयल्याच घावाला तळवा फाटला. मी पदराची चिंधी बांधली, बांधता बांधता तिला शिव्या पन दिल्या, तिनं ऐकून घेतल्या. पानी चढेपातूर आमी खरवडत होतो. दार लागलं. वर उभे होते ते बापये घरी गेले, माज्या टोपलीचं कोनी नाव काढलं नाय.

मंग नुकसान बघायला कोन सरकारी साहेब आला. सुमननं त्याला दार दाखवलं, त्यानं फोटो काढले नी म्हनला, खेकड्यांचा बंदोबस्त करा, भोकांत औषध टाका. आनी टाकलं की या शेतकऱ्यांनी. चिंबोऱ्या उलट्या होऊन वर आल्या, पिल्लांसकट. शिंपलीला काय पन झालं नाय, तिला खानारंच मेलं, ती आजून फोफावली.

आता गुडघे दुखतात, चिंबोरी कवातरी गावते. दर उधानाच्या आधी सुमन नी मी उघाडी खरवडतो. तिनं माफी मागितली नाय, मी पन तिला माग म्हनलं नाय, पन राग हाय, तो राहूदे. त्या रागानंच मी या वयात चिखलात उतरते. तुमी ऐकलंत, तुमचं नी तुमच्या लेकराबाळांचं बरं होवो. पन खाडी नासवनाऱ्याचं बरं होवो असं माज्या तोंडातून निघनार नाय, देव रागावला तरी.