दुसऱ्या बाजूची पायरी

झिशान : ...आबा, माझं ऐका. दुसरी बसवण्यापेक्षा लागलेली आहे तीच काढून टाकू. दोन्ही बाजू सारख्या दिसतील. बोलेरोला पायरी नसली तरी काही अडत नाही.

म्हाळू : काढायची न्हाई.

झिशान : मी आपलं सुचवलं.

म्हाळू : बसवतोस का न्हाई, एवढंच सांग. ही बघ, संगं आनलीया. तुझ्याच दुकानाचं खोकं हाय. आतली बोल्टची पुडीबी तशीच हाय, फोडल्याली न्हाई.

झिशान : खोकं ओळखलं मी. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं.

म्हाळू : आन् मला?

झिशान : सुमितचे वडील तुम्ही. तुम्हाला कसं ओळखणार नाही? आयटीआयला एका बाकावर बसायचो आम्ही. तुमच्या घरी न्हावऱ्याला येऊन जेवलोय मी, वांग्याचं कालवण.

म्हाळू : मातीला आला न्हाईस पर. जलदान विधीलाबी न्हाई. त्याच्या कंपनीतली समदी पोरं रांजणगावावरनं आली. मोनाली इचारत व्हती, दादाचा तो शिरूरचा दोस्त कसा दिसंना.

झिशान : आलो होतो आबा. न्हावऱ्याच्या चौकापर्यंत आलो होतो. तिथून बाईक परत फिरवली.

म्हाळू : का रं?

झिशान : पाणी घेता का? जारचं आहे, गार.

म्हाळू : पानी नगं. का फिरवलीस?

झिशान : कुठल्या तोंडानं येऊ? पायऱ्या माझ्या दुकानातल्या.

म्हाळू : पायरीनं काय केलंय? पायरी तर बिचारी खोक्यात व्हती. गाडी जॅकवरनं खाली आली.

झिशान : कुणीतरी सांगितलं मला, जॅक विटेवर लावला होता म्हणून.

म्हाळू : वीट न्हवती. भट्टीची वीट असती तर निभावलं असतं कदाचित. ते पांढरं ब्लॉक येत्यात बघ, हलकं, एका हातात उचलनारं. न्हानीच्या कामाचं उरल्यालं व्हतं दाराशी. डाव्या अंगाला आमच्या फरशी हाय, तिकडची पायरी झाली बसवून. मग उजवीकडं आला. तिथं माती, पाऊस पडून गेल्याली. जॅक रुतायला लागला म्हनून त्यानं ब्लॉक घातला खाली. दाबानं भुगा झाला त्याचा, रव्यावानी.

झिशान : तुम्ही तिथंच होता?

म्हाळू : डेरीवर दूध घालाया गेल्तो. तसं शिकवल्यालं मीच त्याला. उभा जन्म कारखान्याच्या ट्रॅक्टरवर गेला माझा, टायर कधी दुसऱ्याला खोलू दिलं न्हाई. पोरगं दहा-बारा वर्साचं असंल तवाच सांगितलं, भुई मऊ लागली तर जॅकखाली कायतरी टनक घालायचं. टनक म्हंजी काय, ते सांगायचं ऱ्हायलं. आमच्या वेळंला असला ब्लॉकच न्हवता.

झिशान : आबा, बसा तुम्ही. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. ह्या स्टुलावर बसा.

म्हाळू : बसत न्हाई. मला दुसरं काम हाय तुझ्याकडं. पायरी तर हायेच. गाडीत कोन बसलंय, बघितलंस का?

झिशान : मागच्या सीटवर आहेत त्या? मघाशी वाकून पायरी बघितली तेव्हा चेहरा दिसला नाही. मावशी आहेत का?

म्हाळू : त्याची आई. दौंडला नेतोय मोनालीकडं.

झिशान : मग इकडं कुठं आलात? न्हावऱ्याहून दौंड उलट्या बाजूला राहिलं. केडगाव चौफुल्यावरून गेला असता तर एव्हाना पोचला असता.

म्हाळू : तिला म्हनलं, आधी शिरूरला पायरी बसवून घिऊ. मान हालवली निस्ती. झिशान, ती बोलत न्हाई माझ्याशी. भाकरी वाढती, च्या देती, कपडं धुती. गडी घरात एकटा असल्यावानी मीच बडबडतो. आन् आज बॅग भरली तर समदं घेतलं तिनं. थंडीची शालबी घेतली. आता कुठं थंडी हाय? तिकडं ऱ्हायली तर परत यायची न्हाई ती, मला कळतंय.

झिशान : मी काय करू आबा?

म्हाळू : भाईर चल आन् तिला एवढंच सांग. सुमित त्याच्या मनानं पायऱ्या घिऊन गेला. म्हनाला, दुकान कशाला, मला हौस हाय, मीच बसवतो. एवढंच. तुझं खरं वाटंल तिला.

झिशान : तसं झालं नाही पण.

म्हाळू : मला म्हाईत हाय.

झिशान : गाडी घेऊनच आला होता तो त्या दिवशी, बसवून न्यायला. दसऱ्याची गर्दी. माझा हा खड्डा बघताय ना, गाडी खड्ड्यावर आणून उभी करायची, माणूस खाली उतरून काम करतो, जॅकला हातसुद्धा लावावा लागत नाही. त्याच्या पुढं दोन गाड्या होत्या फक्त. तेवढ्यात तुमचा फोन आला. त्याच्या हातात खोकं, म्हणून त्यानं स्पीकरवर टाकला.

म्हाळू : काय म्हनलो मी?

झिशान : जाऊ द्या ना आबा.

म्हाळू : तुझ्या तोंडून ऐकू दे.

झिशान : "हाताला मेंदी लावून बसलायस का? चार बोल्ट आवळायला दुकान लागतंय?" माझी पोरं हसली. सुमितपण हसला. पण कान लाल झाले होते त्याचे.

म्हाळू : मग?

झिशान : मग माझ्याकडं बघितलं त्यानं. मी म्हणायला पाहिजे होतं की थांब, दोस्ता, अर्ध्या तासात घेतो तुझी. मी काय म्हणालो? म्हणालो, आबांचं खरंय, घरचं काम आहे, ने आणि बसव. मला जागा मोकळी पाहिजे होती. मागं मोठ्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

म्हाळू : म्हंजी दोघांनी मिळून धाडलं त्याला.

झिशान : रोज तेच डोक्यात येतं आबा. खड्ड्यात उतरलो की येतं.

म्हाळू : मग आता दोघांनी मिळून एक खोटं बोलू. माझं पाप हाय, मी फेडीन. पर म्हातारपनी ती अशी मुकी नगं मला.

(भागुबाई दाराशी येऊन उभी राहते.)

भागुबाई : गाडीत लई उकडतंय.

म्हाळू : अगं, हाक मारायची की मला. गुडघ्यानं एकटी कशी उतरलीस?

झिशान : जय भीम मावशी. या, आत या. ह्या स्टुलावर बसा.

भागुबाई : जय भीम बाबा. झिशान ना तू? लई वाळलास.

झिशान : मावशी... सुमित आला होता इथं, त्या दिवशी. मी म्हटलं, बसवून देतो. पण तो काही ऐकेना. म्हणाला, दुकान कशाला, मला हौस आहे. त्याच्याच मनानं घेऊन गेला तो.

भागुबाई : बरं.

झिशान : खरंच मावशी. कुणी काही म्हणालं नाही त्याला.

भागुबाई : पोरा, ह्यांनी फोन केला तवा मी घरी ह्यांच्या शेजारीच शेंगा फोडत व्हते. ह्यांचा आवाज म्हंजी निम्म्या गावाला जातो. खोटं बोलाया लावलं व्हय तुला?

म्हाळू : तुला म्हाईत व्हतं?

भागुबाई : कानानं ऐकलं की.

म्हाळू : म्हनून बोलत न्हाईस माझ्याशी.

भागुबाई : तुमच्यावर कुठं राग हाय माझा?

म्हाळू : मग काय म्हनायचं ह्याला? दिवसचे दिवस एक सबुद न्हाई. मी रातीचा कूस बदलत पडतो, तू जागी असतीस, मला कळतं. शिव्या दे, पर बोल कायतरी.

भागुबाई : काय बोलू? मोनालीच्या घरी वास्तूला गेलतो आपन. निघताना मला गाडीत चढाया यीना. सुमितनं कमरंला धरून वर घेतलं. समदे पाव्हने बघत व्हते. आन् मी म्हनले, गाडी तर घेतली मोठी, आईला चढाया पायरी न्हाई. चार मानसांत म्हनले. जावई हसला, तुमी हसला. दुसऱ्याच दिशी पोरगं शिरूरला आलं पायऱ्या आनाया.

म्हाळू : तू तर चेष्टेनं म्हनालीस.

भागुबाई : फोनवर तुमीबी चेष्टेनंच म्हनलात. मी तोंड उघडलं आन् माझं लेकरू गेलं. म्हनून मिटलं तोंड. तुमच्यासाठी न्हाई मिटलं.

म्हाळू : भागू...

भागुबाई : रडू नगा. परक्याचं दुकान हाय.

झिशान : परकं नाही मावशी. मावशी, मीपण... मी त्याला थांबवायला पाहिजे होतं.

भागुबाई : तूबी रडू नगं. किती जनांनी वाटून घ्यायचं हे? माझ्या वाट्याचं मला पुरं हाय.

झिशान : आबा, मावशी, एक विचारू? ती लागलेली पायरी काढून टाकू का? रोज डोळ्यांपुढं कशाला?

भागुबाई : काढायची न्हाई.

झिशान : आबापण हेच म्हणाले. बरं, मग त्याच बाजूनं चढत जा. मघाशी बघून आलो मी. चारही बोल्ट असे आवळलेत की माझी माणसंसुद्धा इतकं नीट करत नाहीत. नवा वॉशर टाकलाय प्रत्येकाला. बिनधास्त पाय द्या.

भागुबाई : त्या बाजूनं न्हाई चढत मी.

झिशान : का? हलत नाही ती.

भागुबाई : हालत न्हाई, ठावं हाय. हातानं चाचपून बघितली मी, राती सगळी निजल्यावर. लेकराच्या हातचं शेवटचं काम हाय ते. त्याच्यावर पाय द्यायचा व्हय? पायताण घालून?

झिशान : पण तुमच्या पायांसाठीच बसवली ना त्यानं.

भागुबाई : म्हनून तर.

झिशान : मग आज गाडीत कशा बसलात?

भागुबाई : ड्रायव्हरच्या मागल्या दारानं. ह्यांनी धरून वर घेतलं. बोलत न्हवते मी, पर धरू दिलं.

म्हाळू : माझ्याबी कमरंत कळ आली.

झिशान : आता कळलं. दुसऱ्या बाजूची म्हणूनच पाहिजे होती तर. आबा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

म्हाळू : मला कुठं सांगितलं तिनं? मला वाटलं, त्याचं अर्धं ऱ्हायल्यालं काम पुरं करावं. घरी बसवाया गेलो, पाना घेतला, पर गाडीखाली हातच जाईना माझा. उभ्या जन्मात पहिल्यांदा दुकानाची पायरी चढलो.

झिशान : चावी द्या. सगळ्यात आधी तुमची घेतो. आज मी स्वतः उतरतो खड्ड्यात.

भागुबाई : सांभाळून रं बाबा.

झिशान : खड्डा आहे मावशी. गाडी वर उचलायचीच नाही, ती जमिनीवरच राहते.

भागुबाई : तरीबी सांभाळून. आन् ह्याचेबी बोल्ट त्याच्यावानीच आवळ. लांबचा परवास हाय.

म्हाळू : दौंड कुठं लांब हाय? दोन तासांत सोडतो तुला.

भागुबाई : सोडायचं नुसतं? मोनालीला दिवस गेल्यात, मळमळतंय तिला, तवर ऱ्हाते. मग न्ह्यायला या. येतानाबी चढावं लागंल की मला.