शेवंताबाईची बिनदवाची अंडी

हसा लेकांनो, पण चहा सांडू नका. आमच्या कोंबड्या वाळत चालल्या, अंडी बंद. मुरुडचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "काका, जंत झालेत. सकाळी साधं पाणी दाखवू नका. तहानल्या की ही दवा घातलेलं पाणी ठेवा."

शेजारच्या शेवंताबाईला म्हणलं, "तुमच्याबी काटकुळ्या झाल्यात, अर्धी दवा घ्या."

ती फणकारली, "आमच्यात न्हाईत असली थेरं!"

सकाळी परातीत दवाचं पाणी मांडून खुराडं उघडलं. कोंबड्या परातीकडं ढुंकूनबी न बघता थेट उकिरड्यावर! बायकोला विचारलं, "काय केलंस गं?"

"मुके जीव तहानंनं कलकल करत होते. पाजलं पहाटंच पोटभर."

कपाळ बडवून मागं वळलो, तर शेवंताबाईच्या कोंबड्यांनी माझी परात कोरडी केलेली.

महिन्याभरानं शेवंताबाई टोपलीभर अंडी घेऊन दारात. "दाजी, बघा, बिनदवाची! तुमी उगंच डॉक्टरच्या नादी लागता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमची बायको मलाच म्हणते, "शिका जरा त्यांच्याकडून!"