लेकरू रडलं का?

ऐका. आन् ए, ती बिडी इझव आधी. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची न्हाई.

घाटात गाडी कोसळली की आपला बाळकू सणस दोर बांधून दरीत उतरायचा. वर दोर धरायला कोंडिबा ढेबे. जिती माणसं काढायची, मढी काढायची. आन् आपल्या गावाचा नेम काय? तर खाली पाह्यलेलं वर बोलायचं न्हाई! बोललं की मेलेलं घरात येतं म्हणे. आंघोळ कर, कडुलिंब चाव, गप पड. वा रे नेम!

एकदा अशीच जीप कोसळली. काम आटपेस्तोवर अंधार पडला. लोकांनी पाठ थोपटली, "वाघ हाईस!" म्हणाले आन् जेवायला पळाले. बाळकू दोर खांद्यावर टाकून एकटाच कड्याच्या वाटेनं घरला निघाला.

मागनं बाईचा आवाज. "दादा, माझं लेकरू रडलं का?"

बाळकूनं आवाज वळखला! जीपखाली अडकलेल्या बाईनं आपलं तान्हं त्याच्या हातात दिलं व्हतं. त्यानं ते वर पोचवलं. परत उतरला तवर बाई गेलेली.

"रडलं, बाई," तो म्हणाला.

"मग मला का ऐकू आलं न्हाई?"

पळाला गडी! तर आवाज पुढनं. "दूध प्यालं?"

"प्यालं, प्यालं!"

जितकं खोटं बोलावं तितका खांद्यावरचा दोर जड. अवो, भिजल्या पोत्यागत जड! त्याचे गळ्याला वेढे पडायला लागले.

"प्यालं ना? मग चल, दाव मला."

आन् ऐका, बाळकूचे पाय आपसूक कड्याकडं वळले!

तेवढ्यात कोंडिबानं मागनं कंबरेला मिठी मारली. बाळकूचं तोंड आठवून त्याला घास गिळवेना, म्हणून मागोमाग आला व्हता बिचारा.

"नेम गेला चुलीत! बोल, काय पाह्यलंस?"

बाळकू किंचाळला, "मेलं व्हतं! तिनं हातात दिलं तवाच मेलं व्हतं! मी तिला सांगितलं न्हाई रे!"

दरीतनं असा हंबरडा उठला, की गावातली कुत्री घराघरांत शिरली. दोर गळून पडला. बाळकू कसाबसा वाचला.

तवा त्या वाटेनं जाऊ नका. आन् दरीतनं वर आलेल्याला तर एकटं मुळीच धाडू नका. बाळकूच्या आधी सदोबा उतरायचा. तो बोलायला गेला, तर गाव म्हणालं, "अभद्र बोलू नगंस." एका राती त्याच वाटेनं एकटा गेला, आन् कड्याखालनं त्याचं मढं बाळकूनंच काढलं.

आता बाळकू वर आला की कोंडिबा त्याला आपल्या घरी बसवतो. बाळकू सांगतो. ऐकता ऐकता कोंडिबा बाहेर जाऊन भडाभडा ओकतो. चूळ भरून पुन्हा समोर येऊन बसतो. "हं," म्हणतो, "मग?"