सर्दीत काढलेला स्कॅन

नाही, झोपू नका — उठून बसा आधी, आणि ते नाक पुसा. सर्दी कधीपासून आहे? परवापासून? मग चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलंय, वाचलंत का? सर्दी नसताना. सर्दी — नसताना! हो, कळलं, रजा टाकून आलात, तीन वर्षं डोकं ठणकतंय, सगळं कबूल, पण ताज्या सर्दीत कुणाचेही सायनस भरलेलेच दिसतात, तुमचे काय, माझेही दिसतील — हाडांमधल्या पोकळ्या त्या, हवा असली की पडद्यावर काळ्या, भरल्या की राखाडी — मग त्यात जुना आजार कुठला आणि परवाचा शेंबूड कुठला, हे सांगणार कोण? मी? मी बटण दाबते हो नुसतं. रिपोर्ट आत बसलेले डॉक्टर लिहितात.

आलोच आहे तर काढून टाका म्हणे! अहो, माझा धाकटा भाऊही हेच म्हणाला होता — ताई, आलोच आहे तर काढून टाक. सुतार आहे तो. उजवी नाकपुडी वर्षभर बंद, रुमालाला अधूनमधून रक्त, आणि आम्ही घरचे शहाणे काय म्हणायचो? लाकडाचा भुसा जातोय नाकात, दुसरं काय! त्या दिवशी तर सर्दीने बेजार झाला होता. पण दोन पेशंटच्या मधे दहा मिनिटं मोकळी होती — नोंद नाही, चिठ्ठी नाही, घेतला मी आत. पडद्यावर दोन्ही बाजू राखाडी. म्हटलं, काही नाही रे, सायनस आहे, वाफ घे. एकवीस वर्षं या खुर्चीत बसलेय ना, मलाच सगळं कळतं असं वाटायला लागलं होतं. डॉक्टरांना दाखवला का? कसा दाखवणार, चोरून काढलेला! पुसून टाकला त्याच दुपारी.

आणि त्याने ऐकलं हो माझं — त्याचाच तर राग येतो — आठ महिने वाफ घेत बसला गाढव, का, तर ताईने सांगितलंय! मग उजवा डोळा पुढे यायला लागला, तेव्हा रीतसर स्कॅन झाला, सर्दी नसताना. डावी बाजू काळी, स्वच्छ. उजवी गच्च, आणि डोळ्याच्या बाजूचं हाड खाल्लेलं. एकच बाजू भरलेली दिसली की आम्ही तडक डॉक्टरांना बोलावतो, एवढं तर मला झोपेतही कळतं — पण त्या दिवशी सर्दीने दुसरी बाजूही भरून ठेवली होती आणि मी फसले. गाठ होती. गाठीबरोबर डोळाही काढावा लागला.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी विचारलं, यापूर्वी कधी स्कॅन केला होता का? मी तिथेच उभी, याच कोटात. तर हा, माझ्याकडे न बघता म्हणतो — नाही डॉक्टर, हा पहिलाच.

नोकरी वाचली माझी. वर्ष झालं, खोटं का बोललास म्हणून मी त्याला विचारलेलं नाही, आणि तोही — काय बघताय? चपला घाला. सर्दी गेली की दोन आठवडे थांबा, मग या. आणि जाताना दार ओढून घ्या.