डिकीतली डिस्क

—छे हो, वेग वाईट आहे असं कुठे म्हणाले मी? वेग चांगलाच. बसा तुम्ही— त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे— हां, इथे. आता बघा, मी पडले सिनेमाची एडिटर, जन्म गेला या खोलीत पडदे ओढून कापाकापी करण्यात, मला या नव्या गोष्टी जरा उशिरा कळतात. निर्माते म्हणाले, बाई, एवढाल्या फायली डिस्कवर घालून स्कूटरवरून फिरवता, उद्या कुणी चोरली तर थिएटरला लागायच्या आधीच सिनेमा गावभर होईल, काहीतरी जलद आणि सुरक्षित करा— आणि दिलं तुम्हाला पाठवून. बरंच केलं. मी नाही म्हणतच नाहीये. नुसत्या शंका विचारतेय. शंका चालतात ना?

म्हणजे तुमच्या या खोक्यातून फायली नेटवरून जाणार, आणि तिकडे उघडायला ही लिंक. ती भलत्याच्या हाती लागली की संपलंच की! —पासवर्ड? तो मी विसरणार. —मोबाइलवर नंबर येतो? मोबाइल माझा पर्सच्या तळाशी असतो, सापडेपर्यंत नंबर शिळा. बरं, आणि मध्येच वीज गेली तर? पुन्हा पहिल्यापासून? —थांबलं तिथूनच पुढे? अरे वा. आणि वाटेत कुणी उघडून बघितलं तर? —इथे कुलूप लागतं ते थेट तिथेच उघडतं, मधल्या कुणाला काही दिसत नाही... हं. तुमच्याकडे सगळ्याचंच उत्तर आहे, नाही? लग्न झालंय तुमचं? —काही नाही, असंच विचारलं.

आमची पद्धत सांगते. साउंड करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचा स्टुडिओ पार दुसऱ्या टोकाला. मी सीन कापून डिस्कवर घालायचे, त्यांनी गुरुवारी येऊन न्यायचे, आवाज चढवायचा, पुढच्या गुरुवारी परत. डिस्क मफलरमध्ये गुंडाळून स्कूटरच्या डिकीत. डिकीला कुलूप आहे— म्हणजे होतं, आता रबर लावतात— पण त्या खटाऱ्याला हात लावायला चोरालासुद्धा लाज वाटेल, तेव्हा सुरक्षितच म्हणायचं. जलद म्हणाल तर... नाही, जलद नाही. ते येणार, पंख्याखालची खुर्ची ओढणार, चहा होणार, मग म्हणणार, तो सीन लाव बघू. की झालं भांडण सुरू! मी म्हणते इथे शांतता हवी, तो म्हणतो इथे पाऊल वाजलंच पाहिजे, मी म्हणते अरे तिचा चेहरा बोलतोय तिथे, पाऊल कशाला वाजवतोस— पण ऐकेल तर शपथ. लग्न झाल्यापासून एकदा ऐकलं नाही माझं—

हो. नवरा. होता. होता म्हणतेय ना मी? रीतसर वेगळे झालो, वकीलबिकील सगळं, त्यात एवढं दचकायला काय झालं? एका घरात होतो तेव्हा आठवडा आठवडा अवाक्षर बोलायचो नाही, आणि आता गुरुवारी तोंड मिटत नाही दोघांचं. लोकांना नवल वाटतं. मला तर फारच वाटतं. तुमच्या त्या यंत्रातून फायली जातील हो, झटक्यात जातील, पण मग तो कशाला येईल? आणि तो आला नाही तर आठवड्यात मला राहिलं काय— जाऊ दे. हे तुम्हाला सांगत नव्हते मी. कामाचं बोलू.

कामाचंच सांगायचं तर डिस्कवर एखादं फोल्डर घालायचं राहूनही जातं. घाईत. मग त्याला शनिवारी पुन्हा यावं लागतं. —नेहमी नाही हो! कधीमधी. —बरं, नेहमी. पण मुद्दाम? माझी एक फ्रेम कधी इकडची तिकडे झाली नाही आजवर, विचारा कुणालाही, आणि मी मुद्दाम विसरेन?

आणि मुख्य अडचण राहिलीच की. इकडे तुम्ही बसवाल, पण तिकडे? त्याच्याकडे नेटच नाही. वायर उंदरांनी कुरतडली. कंपनीवाले येतो येतो म्हणतात आणि येत नाहीत, म्हणून तर बिचारा ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही— काय? कुणी बसवलं? तुम्ही? त्याच्या स्टुडिओत, हेच यंत्र? —गेल्या वर्षी? आणि चालतं? —बाकीच्या सगळ्या एडिटरांच्या फायली रोज येतात त्याच्याकडे? रोज?

गेल्या शनिवारीच सांगत होता मला उंदरांचं. इतकं तोंड पाडून सांगत होता, की मी त्याच्या चहात साखर जास्त घातली. डॉक्टरांनी नको म्हटलंय तरी.

...

हसताय काय तुम्ही? आणि मी काही हसत नाहीये. डोळ्यांत काहीतरी गेलंय, या खोलीत धूळ फार.

थांबा— ऐका. खाली. हीच ती स्कूटर, एवढा फुटका सायलेन्सर गावात दुसरा नाही. आज गुरुवार, अर्थात. उठा, उठा तुम्ही, ते खोकं उचला. निर्मात्यांना सांगा, बाईंकडे नाही बसत. —का म्हणजे? उंदीर आहेत म्हणावं. तिकडचेच इकडे आले. मागच्या जिन्याने जा, आणि वाटेत तो दिसलाच तर ओळख देऊ नका, त्याला वाटू दे मला काही माहीत नाही. जा आता— अहो, पण जाता जाता ती टेबलावरची डिस्क द्या इकडे, लवकर. सगळंच घालून ठेवलंय मी तिच्यात. एक फोल्डर काढायचं राहिलंय.