बदलून मिळेल का?

अगं, आमच्या अंबरनाथच्या शेजारीण शैलावहिनी! घेतलेली वस्तू यांना कधी पटतच नाही. आज उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारातून कुर्ती आणली, की उद्या बदलायला हजर. लोकसभेला मत दिलं, तेही फोटोतला चेहरा सोज्वळ वाटला म्हणून. निकालानंतर तोच खासदार टीव्हीवर सगळ्यांच्या अंगावर धावून जाताना दिसला.

"बाई गं, हा बदलून मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी कुर्ती बदलताना त्यांनी हे रडगाणं सिंधी दुकानदारालाच ऐकवलं. मी सोबत होते. तो हसत सुटला, "भाभी, कुर्ती तो घंटाभर उलटपुलट के देखती हो. वोट ऐसेही दे दिया?"

वहिनी उसळल्या, "अरे सेठ, उधर वोटिंग बूथ पे भी बोली मैं, दूसरा दिखाओ! साहब बोला, इतनेच हैं, जल्दी दबाओ, पीछे लाइन है!"